सतराव्या प्रश्नाचं ‘होय’

माझं अक्षर चांगलं होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी, वेलांट्या एका मापाच्या, अनुस्वार नेमका डोक्यावर. आमच्या जिल्हा परिषद शाळेत एक रीत होती, आणि वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांत ती आजही आहे, मी डोळ्यांनी पाहते. सातवीत ज्या पोरीचं अक्षर सगळ्यांत चांगलं, ती शाळेचा हात होते. फळ्यावरचा सुविचार तिनं लिहायचा, सूचनाफलक तिनं लिहायचा, पाहुण्यांच्या स्वागताची पाटी, आहाराचा तक्ता, निकालपत्रकं, आणि साहेबाकडे जाणारा कागदसुद्धा. गुरुजी सांगणार, पोरगी लिहिणार. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आईबाप तर गावभर सांगत फिरतात. आता मी अमरावतीला भाड्याच्या खोलीत राहते, शाळांच्या पडक्या छतांवर आणि कुलपातल्या पुस्तकांवर पत्रकं काढते, आणि सगळी पत्रकं कॉम्प्युटरवर करते. सोबतची पोरं विचारतात, "ताई, तुमचं अक्षर एवढं भारी, पोस्टर हातानं काहून नाई लिहत?" मी सांगते, वेळ नाही. ते खोटं आहे. खरं काय ते इथं लिहिते. तिशीत आत्मकथन लिहायला बसली म्हणून कुणाला हसायचं असेल तर हसा. म्हातारपणापर्यंत थांबले तर ज्यांनी हे वाचायला हवं ते तोवर राहायचे नाहीत.

आमचं गाव मूर्तिजापूरहून काळी-पिवळी जीपनं पाऊण तास. त्या रस्त्यावरची एक काळी-पिवळी बाबांचीच होती. सकाळी बाबा ती सुरू करत, आणि ती पहिल्या झटक्यात कधी सुरू झाली नाही. आधी खाकरायची, मग शिंकायची, मग एकदम अंगावर आल्यासारखी ओरडायची, आणि गल्लीतली सगळी कुत्री तिच्यावर भुंकायची. घरात गॅस आला होता, पण भाकरी चुलीवरच व्हायची, कारण आईच्या मते गॅसवरची भाकरी "आजारी दिसते". डब्यात मुंगवड्यांची भाजी, ठेचा, दोन भाकरी. मुंगवड्या उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर वाळायच्या आणि आम्ही त्या अर्ध्या ओल्याच पळवून खायचो. बाबांची गाडी गेली की घर एकदम मोठं वाटायचं, मग आई पदर खोचायची, चिंचोक्यांचा डबा काखेत मारायची आणि अंगणवाडीकडे निघायची. मी तिच्या मागे दप्तर घेऊन.

आई गावच्या अंगणवाडीची सेविका होती. अंगणवाडी शाळेच्याच आवारात, कोपऱ्यातल्या एका जुन्या खोलीत भरायची. तीन ते सहा वर्षांची वीस-पंचवीस लेकरं, कुणी शेंबडं, कुणी रडकं, कुणी दाराशी आलं की परत पळणारं. आई त्यांना पाटी द्यायची नाही. ती चिंचोके द्यायची, तुरीच्या शेंगा द्यायची, बाटल्यांची झाकणं द्यायची. मोठे इकडे, बारके तिकडे, असं वेगळं करायला लावायची. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगायची आणि विचारायची, रस्त्यावरून काय गेलं? ट्रॅक्टर का बस? आता कोणाच्या बांगड्या वाजल्या? लेकरं भांडायची, "माह्या आजीच्या!" "नाई, माह्या आजीच्या!" कोणी पालक येऊन कुरकुरला की आमचा पोट्टा अजून ‘अ’ लिहीत नाही, तर आई म्हणायची, "आंधी कान तयार होऊ द्या बाप्पा, मंग हात. चार वर्साच्या लेकराच्या हातात पेन देल्ला तर तो नाकातच घालते." पुढं मी बालशिक्षणाच्या प्रशिक्षणांना बसले. दोन-दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवून तिथं जे सांगतात ते आई डबाभर चिंचोक्यांवर सांगायची.

पण तिला लिहिता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, आठवीपर्यंत शिकली होती, वाचायचीही. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. रेघेच्या खाली लोंबणारं, एक अक्षर मोठं, एक बारीक. मूर्तिजापूरला दर महिन्याला सेविकांची बैठक असायची. एकदा पर्यवेक्षिका मॅडमनी आईचा अहवाल भर बैठकीत वर धरला आणि विचारलं, "बाई, हे तुमी लिहिलं का तुमच्या घरच्या कोंबडीनं?" सगळ्या बाया हसल्या. आई घरी आली, जेवली नाही. दुसऱ्या महिन्यापासून तिचा अहवाल मी लिहू लागले. तेव्हा मी पाचवीत होते. ती भाकरी थापत सांगायची, मी पाटावर कागद ठेवून लिहायची: किती लेकरांचं वजन वाढलं, कोणाला खोकला आहे, लापशी किती जणांनी खाल्ली. मॅडम खूष झाल्या. "बाई, अक्षर लय सुधारलं तुमचं!" आई पदर तोंडाला लावून हसली म्हणे. हे गुपित आमच्या दोघींचं. बाबांनाही ठाऊक नव्हतं.

आता खोली. तिचं छत फुगलं होतं. पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटायचे, मागून गंजलेल्या सळया दिसायच्या. एके दिवशी लेकरांचं वजन करायचा काटा वर टांगला होता, त्याच्या झोळीत, लेकरू काढून घेतल्यावर क्षणभरात, हातभर प्लास्टर येऊन पडलं. आईनं काही आरडाओरडा केला नाही. काटा सोडला, डबा उचलला, लेकरांची आगगाडी केली आणि सगळी आवारातल्या कडुनिंबाखाली नेऊन बसवली. तेव्हापासून अंगणवाडी निंबाखाली. ग्रामपंचायतीत जाऊन सांगून आली. सरपंच म्हणाले, पाहू. मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, लेखी द्या. लेखी मीच लिहून दिलं. त्याचं पुढं काय झालं ते कुणालाच माहीत नाही.

आणि आता इंगोले सर. पत्रक लिहायचं असतं तर मी त्यांना दोन ओळींत झोपवलं असतं, मला तेवढं येतं. इथं ते जमत नाही, कारण मला वाचायला त्यांनी लावलं. ते मुख्याध्यापक होते, अकोल्याहून अप-डाउन करायचे. मूर्तिजापूरपर्यंत रेल्वे, तिथून स्टेशनबाहेर ठेवलेली मोटरसायकल. अंगावर कायम इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन, आणि बोलणं मऊ. पोरांना कधी हात लावला नाही. कार्यालयात एक लोखंडी कपाट होतं. त्यात वाचन उपक्रमाची पुस्तकं होती, गठ्ठेच्या गठ्ठे, कितीतरींची पानं एकमेकांना चिकटलेलीच. कपाटाला कुलूप, चावी सरांच्या पँटच्या पट्ट्याला. पोरांनी पुस्तक फाडलं तर जबाब कोण देणार, म्हणून पुस्तकं पोरांना मिळत नव्हती. साहेबाची भेट असली की आदल्या दिवशी व्हरांड्यात दोरी बांधायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगायची, खाली मी लिहिलेली पाटी: ‘आमचं पुस्तकांचं अंगण’. साहेब यायचे, एखाद्या पोराला पुस्तक काढून वाचायला लावायचे, तो पोरगा आधीच ठरलेला असायचा आणि त्याचं पानही. साहेब गेले की चिमटे काढा, पुस्तकं मोजा, कपाटात टाका.

मला मात्र मिळायचं. कागद लिहून झाला की सर चावी काढायचे. "हात धू आधी, बेटा." मी हात धुवायची, फ्रॉकला पुसायची, आणि ते कपाट उघडायचं. तो वास मला अजून येतो, डिंकाचा, लोखंडाचा आणि थोडा उंदरांचा. एका कागदाला एक पुस्तक. ते कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं. ताऱ्यांचं एक वाचलं. देवमाशांचं एक. मग एक जाडं मिळालं, बर्फाच्या प्रदेशातल्या एका पोरीचं, जी बापाला शोधायला निघते आणि भाग संपतो तेव्हा नदीच्या मध्ये गोठलेल्या पाण्यावर उभी असते आणि खालून बर्फ तडकतो. दुसरा भाग कपाटात होता. मी तो पाहिला होता, वरच्या कप्प्यात, निळ्या पाठीचा. आठ दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी खातानाही माझ्या पायाखाली बर्फ तडकत होता. दुसऱ्या पोरांना ते कपाट बंद आहे याचं मला काही वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवते. उलट बरं वाटायचं.

त्याच सुमाराला सुरक्षेचा कागद आला. कुठल्या तरी जिल्ह्यात शाळेत काहीतरी वाईट घडलं होतं, आणि वरून हुकूम निघाला की सगळ्या शाळांनी सुरक्षा पाहणी करून प्रपत्र भरून पाठवावं. आठवडाभर शाळेत सुरक्षेची धामधूम. तक्रारपेटी आली, पत्र्याची, लाल. ती भिंतीवर एवढी वर ठोकली की चौथीपर्यंतच्या पोरांचा हात पोचेना, आणि महिनाभरात तिच्यात गांधीलमाशांनी घर केलं. आग विझवायचा सिलिंडर केंद्रातल्या तीन शाळांत मिळून एकच होता. साहेब आज या गावाला असतील तर सिलिंडर आज या गावाला, उद्या त्या गावाला, बाबांच्याच काळी-पिवळीतून. बाबा म्हणायचे, "साहेबाच्या आंधी यालेच सीट द्या लागते." सरांना त्या वर्षी आदर्श शाळेची पाटी हवी होती. वाचनात नंबर होताच, सुरक्षेतही हवा होता.

दुपारी सरांनी मला कार्यालयात बोलावलं. प्रपत्र समोर, नवीन पेन. पंचवीस प्रश्न. "लिही. एक, होय. दोन, होय. तीन, होय." कुंपण आहे काय, होय. विजेच्या तारा झाकलेल्या आहेत काय, होय. प्रथमोपचार पेटी आहे काय, होय. मी झरझर लिहीत होते, प्रश्न वाचत नव्हते. शेवटच्या पानावर ‘आवारातील अंगणवाडी’ असा भाग आला, वर लिहिलेलं होतं: सेविकेने भरावा. तिथं सतरावा प्रश्न होता. खोलीचे छत सुस्थितीत आहे काय?

माझा पेन थांबला. "सर, तिथं प्लास्टर पडते."

"माहीत आहे मला." सर खुर्ची जवळ घेऊन बसले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "पण तू विचार कर. इथं ‘नाही’ लिहिलं की काय होईल? खोली बंद. अंगणवाडी उचलून दुसऱ्या गावाला. मग तुझी आई काय करेल? मी तिच्यासाठीच म्हणतो आहे, बेटा. खोलीचं काम मी करून घेतो उन्हाळ्यात. तू लिही."

मी कपाटाकडे पाहिलं. ते मला आठवतं. मी आईचा विचार केला असता तर बरं झालं असतं, पण मी निळ्या पाठीकडे पाहिलं आणि ‘होय’ लिहिलं. शिरोरेघ सरळ आली.

"आता यावर आईची सही घेऊन ये. आणि मग उद्या तो दुसरा भाग ने."

संध्याकाळी आई चुलीपुढं होती. हाताला पीठ. मी महिन्याचा अहवाल पुढं केला, त्याच्याखाली हा कागद. "कायचा हाय?" "शाळेचा, सुरक्षेचा. सरांनी सांगतलं." तिनं हात पदराला पुसला, कागद पाटावर ठेवला आणि मी बोट ठेवलं तिथं सही केली. वाचलं नाही. माझ्या अक्षरातला कागद ती कधीच वाचायची नाही. वाचायचं कशाला, मीच तर लिहिलेला.

दुसरा भाग मात्र दुसऱ्या दिवशी मिळाला नाही. सर रजेवर गेले, मग परीक्षा आल्या. मिळाल्या त्या पर्यवेक्षिका मॅडम. पंधरा दिवसांनी आल्या आणि निंबाखाली बसलेली लेकरं पाहून भडकल्या.

"बाई, हे काय भाजीबाजार मांडला? खोली काहून वापरत नाई?"

"म्याडम, छत पडून राहिलं त्याचं."

"कागदावर तर छत चांगलं हाय! पाहणी झाली, प्रपत्र वर गेलं. उद्या झाडावरून साप पडला तर जबाबदार कोण? चला, आत घ्या लेकरं. आजच."

आईला वाटलं, कोणी इंजिनिअर येऊन पाहून गेला असेल. शिकलेल्या माणसांनी तपासलं असेल. कागद आपलाच आहे हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं खोली झाडली, जाळ्या काढल्या, आणि लेकरं आत घेतली. मी शेजारच्या वर्गाच्या खिडकीतून ते पाहिलं. मी काही बोलले नाही. बारा वर्षांची होते, पण बारा वर्षांच्या पोरीला कळतं. उगाच कुणी माझी समजूत घालायला येऊ नये.

त्याच आठवड्यातला शनिवार होता, वाचन तास चालू होता, म्हणजे सर एक पुस्तक हातात धरून वाचत होते आणि आम्ही ऐकत होतो. शेजारून खिचडीचा वास येत होता, ताटल्यांचा आवाज येत होता, आई लेकरांना रांगेत बसवत होती. मग एक आवाज झाला, मोठा नाही, गोणी खांद्यावरून टाकल्यासारखा. आणि ताटल्यांचा आवाज बंद झाला. सगळ्यांत भयंकर काय, तर तेवढा वेळ कोणीच रडलं नाही. मग सगळीच लेकरं एकदम रडली. आम्ही धावलो. खोलीत पांढरी धूळ, खिचडीत प्लास्टर, आणि आई आरूला उचलून बाहेर येत होती. आरू साडेतीन वर्षांची, डोळे मिटून आजीच्या बांगड्या सगळ्यांत आधी ओळखणारी. तिच्या कपाळातून रक्त येत होतं आणि डावा हात नको तिथून वाकला होता. बाबांची गाडी नेमकी गावात होती. आई आरूला मांडीवर घेऊन बसली, तशीच, केसांत चुना घेऊन. मूर्तिजापूरच्या दवाखान्यातून त्यांना अकोल्याला पाठवलं. आरू वाचली. हात जुळला, थोडा वाकडा जुळला. कपाळावर टाके आले.

चौथ्या दिवशी चौकशी लागली. मी सकाळी शाळेत गेले आणि मला काहीतरी वेगळं वाटलं, काय ते कळेना. मग दिसलं. सगळे फळे पुसलेले होते. व्हरांड्यातला सुविचार पुसलेला. सूचनाफलक कोरा. आहाराचा तक्ता काढून ठेवलेला. कार्यालयातला फळा, ज्यावर शिक्षकांची नावं आणि वर्ग वर्षभर माझ्या अक्षरात होते, तोही ओल्या फडक्यानं स्वच्छ. मला वाटलं, रंग द्यायचा असेल. सुविचार लिहायला खडू मागितला तर सर म्हणाले, "आज राहू दे. तू वर्गातच बस, बाहेर येऊ नको." पहिल्यांदा मला असं सांगितलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले आणि कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिले.

आत अकोल्याहून आलेले साहेब, सर, मॅडम, आणि भिंतीला टेकून उभी आई. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. साहेबांच्या हातात प्रपत्र होतं.

"अंगणवाडीचा हा भाग कोणी भरला?"

सर म्हणाले, "तो सेविकेनं भरायचा असतो, साहेब. सूचना तशीच आहे."

पाहा, ते खोटं बोलले नाहीत. कोणी भरला असं विचारलं होतं, त्यांनी कोणी भरायचा असतो ते सांगितलं. मी नंतर शेकडो कार्यालयांत अशी उत्तरं ऐकली, पण इतकं सफाईदार एकही नाही.

मॅडमनी आईचे महिन्याचे अहवाल टेबलावर टाकले. "जुळवून पाहा साहेब. यायचंच अक्षर हाय."

साहेबांनी जुळवलं. जुळलंच. "बाई, हे अक्षर तुमचं आहे?"

आईनं कागदाकडे लांबून पाहिलं. वाचता येण्यासारखं काही नव्हतं तेवढ्या अंतरावरून, पण अक्षर ओळखता येत होतं. मग तिनं मान वळवली आणि तिला खिडकीत मी दिसले. मी वाट पाहत होते. आईनं बोलावं याची नव्हे, सरांनी बोलावं याची. मला अगदी खात्री होती की सर आता म्हणतील, साहेब, हे आमच्या मंजूचं अक्षर, मी सांगितलं, तिनं लिहिलं. सर कपाटाकडे पाहत होते. पुसलेला फळा त्यांच्या मागेच होता, आणि तेव्हा, तिथं उभं राहून, मला फळे का पुसले ते कळलं.

"माह्यंच हाय," आई म्हणाली.

"मग छत खराब असताना ‘होय’ का लिहिलं?"

"चुकलं, साहेब."

जबाब मॅडमनी लिहिला, आईनं त्याच्याखाली सही केली. तिची ती लोंबणारी सही. अहवालांवरही तीच सही, प्रपत्रावरही तीच. त्या सुरेख अक्षराच्या खाली ती कोंबडीच्या पायांची सही तीन माणसांच्या डोळ्यांपुढं होती आणि एकालाही प्रश्न पडला नाही.

आईचं काम गेलं. घरी आल्यावर तिनं पदर खोचला. चूल पेटवली, पीठ घेतलं. पहिली भाकरी तव्यावर टाकून, माझ्याकडे न पाहता, तिनं विचारलं, "कोनं सांगतलं होतं लिहाले?"

"सरांनी."

भाकरी फुगली, तिनं ती उलटली. "पुस्तक देल्लं का मंग?"

"नाई अजून."

"मांगून घेजो," आई म्हणाली. बस एवढंच. ते तिनं टोचून म्हटलं का खरंच म्हटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मागायची गरज पडली नाही. पुढच्या शनिवारी सरांनी स्वतः कपाट उघडलं, निळ्या पाठीचं पुस्तक काढलं. हात धू म्हणाले नाहीत. "ने बेटा. परत नाही आणलं तरी चालेल." मी ते त्यांच्या तोंडावर फेकलं असं लिहिता आलं असतं तर या प्रकरणाला शोभा आली असती. मी ते घेतलं. घरी नेलं, पडवीत बसून वाचलं, एका दमात. ती पोरगी बर्फातून वाचते. चांगलं होतं पुस्तक.

आई त्यानंतर निंदणाला जाऊ लागली, हंगामात कापसाच्या जिनिंगला. काही दिवस चार-पाच लेकरं सवयीनं आमच्या अंगणात चिंचोके मागायला यायची. मग हातपंपावर आरूच्या आईनं सगळ्यांदेखत म्हटलं, "माह्या पोरीवर छत पाडलं हिनं, आनखी कोनावर पाडाचं हाय?" त्यानंतर लेकरं आली नाहीत. चिंचोक्यांचा डबा माळ्यावर गेला. अंगणवाडीला नवी खोली आली, नवी सेविका आली, पाट्या आल्या. शाळेला आदर्श शाळेची पाटीही आली, वाचनासाठी. ती मी लिहिली नाही. मी अक्षर बिघडवलं होतं, मुद्दाम, डाव्या हातानं लिहून लिहून. सरांनी सहावीतली दुसरी पोरगी धरली.

दोन वर्षांपूर्वी सर निवृत्त झाले. अकोल्यात मोठा सत्कार ठरला, वाचन चळवळीतलं योगदान वगैरे. त्यांचा मला फोन आला. आवाज तसाच मऊ. "बेटा, तू एवढं नाव काढलंस. मानपत्र तुझ्याच अक्षरात हवं, अशी इच्छा आहे."

मी म्हटलं, "सर, ते सुरक्षेचं प्रपत्र आठवते?"

"कोणतं प्रपत्र?" ते म्हणाले, आणि मला वाटतं, त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते ढोंग असतं तर मला एवढं लागलं नसतं.

मी मानपत्र लिहिलं नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. जुनं दप्तर सापडत नाही असं उत्तर आलं, मग अपील, मग पुन्हा अपील. शेवटी अकोल्याच्या कार्यालयातून पाकीट आलं. त्यात ती झेरॉक्स. मी ती घेऊन गावाला गेले. माझा बेत तयार होता: प्रतिज्ञापत्र करायचं, अक्षर माझं आहे, सांगणारे कोण होते, सगळं लिहून द्यायचं आणि आईचं नाव त्या कागदावरून पुसून घ्यायचं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या गावांतल्या छतांवर ओरडत फिरले, आपल्या घरातलं हे एकच काम ठेवून दिलं होतं.

आई ओसरीवर बसली होती. मी कागद दिला. तिनं चष्मा लावला आणि ते प्रपत्र पहिल्यांदा वाचलं, सगळं, बोट ठेवून, एक ते पंचवीस. वेळ लागला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती रडेल असं मला वाटत होतं.

"काय सुरेख अक्षर होतं वं तुह्यं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, आरूच्या घरीही दाखवायचा आहे हा कागद. तुला काही लिहायचं आहे का यावर?"

तिनं माझ्या हातातला पेन घेतला. सतराव्या प्रश्नापाशी गेली. माझ्या ‘होय’वर एक आडवी रेघ मारली, तीही सरळ आली नाही, आणि शेजारी बराच वेळ घेऊन लिहिलं: नाही. ‘ना’ मोठा, ‘ही’ बारीक, दोन्ही रेघेच्या खाली लोंबत. मग तिनं कागद माझ्यापुढं धरला.

"हे पाय," ती म्हणाली. "माह्यं अक्षर असं हाय."